विषमतेचा पेपर, ७७ घरं आणि नमुना ८

द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र, तिसरं सत्र. ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) सामाजिक स्तरीकरणाचा पेपर आणि त्याला चिकटलेला २ श्रेयांकांचा क्षेत्र प्रकल्प. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्न महाविद्यालयांत आल्यानंतर दुसऱ्या वर्षात पोचलेली ही पहिलीच बॅच. त्यामुळे मागच्या वर्षीची फाईल उघडून बघावी, अशी सोय नव्हती. पुढच्या वेळी ज्यांच्या गळ्यात हे पडेल त्यांना पाय कुठं अडकतो ते आधी कळावं, म्हणून जून ते नोव्हेंबर २०२५ चं तारखेनिशी लिहून ठेवते आहे. महाविद्यालय तालुक्याच्या गावातलं, पट्टा ऊसतोडीचा, वर्गात ३० जण, त्यात १९ मुली.

वर्ग १६ जूनला सुरू झाले. त्याआधी एक हिशेब करून ठेवावा. १ श्रेयांक म्हणजे १५ घड्याळी तास, म्हणजे ४ श्रेयांकांचे ६० तास. आपली तासिका मात्र ४८ मिनिटांची. ६० तास भरायला ७५ तासिका लागतात. वेळापत्रकात आठवड्याला ४ आणि सत्र १५ आठवड्यांचं, म्हणजे हाताशी ६०. पंधरा तासिका पहिल्याच दिवशी गायब. उरलेल्यांतून सुट्ट्या, युवक महोत्सव आणि पावसानं बंद पडलेली एसटी वजा केली की ५० च्या आसपास उरतात. अभ्यासक्रम छापणाऱ्यानं हे गणित केलेलं नसतं, ते आपल्याला करायचं. म्हणून काय गाळायचं ते जूनमध्येच ठरवलेलं बरं, नाहीतर सप्टेंबरमध्ये जे उरतं ते आपोआप गळतं, आणि उरलेलं असतं ते नेमकं शेवटचं प्रकरण: आरक्षण आणि धोरणं.

मी क्रमच उलटा केला. हे शेवटचं, चौथं प्रकरण आधी. कारण मुलं वर्गात येतात तीच हा वाद डोक्यात घेऊन, आणि तो मिटवल्याशिवाय मार्क्स-वेबरकडे कुणाचं लक्ष जात नाही. फळ्यावर महाराष्ट्रातल्या आरक्षणाचे टक्के लिहिले: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विमुक्त जाती अ ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २, विशेष मागास प्रवर्ग २. बेरीज ५२. त्यात २०२४ च्या कायद्यानं आलेले एसईबीसीचे (मराठा समाजासाठीचे) १० आणि आधीपासूनचे ईडब्ल्यूएसचे (आर्थिक दुर्बल घटकांचे) १०, एकूण ७२. मग १६ नोव्हेंबर १९९२ चा इंद्रा साहनी निकाल, ५० टक्क्यांची मर्यादा आणि क्रिमी लेयर. तिथून मागं जात ७ ऑगस्ट १९९० ची मंडल घोषणा आणि शेवटी २६ जुलै १९०२ चा कोल्हापूर संस्थानातला शाहू महाराजांचा ५० टक्क्यांचा हुकूम. चार तासिका गेल्या. आकडे समोर असले की आवाज खाली येतो. ‘त्यांना सगळं मिळतं’ म्हणणाऱ्याला ‘त्यांना’ म्हणजे नेमक्या कोणत्या ओळीतल्यांना, ते सांगावं लागतं.

इथं एक चूक सगळेच करतात. ‘वर्गात शेती किती जणांकडे आहे? हात वर करा.’ ‘पहिल्या पिढीतले किती?’ हात वर होतात, आणि त्या क्षणापासून ती पोरं वर्गाच्या नजरेत नमुने होतात. परदेशी कार्यशाळांतून आलेला एक खेळही अलीकडे फार चालतो. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, वडील नोकरीत असतील तर एक पाऊल पुढं, घरात शौचालय नसेल तर एक पाऊल मागं. मागं राहिलेल्या मुलीनं दुसऱ्या दिवशी वर्गात कसं बसायचं, याचं उत्तर त्या खेळात नसतं. विषमता शिकवायला वर्गातलं मूल वापरायचं नाही, हा नियम मी पाळला आणि त्याला सत्रभर एकही अपवाद केला नाही. स्वतःहून कुणी बोललं तर ऐकायचं, पण त्यावर प्रश्न विचारायचा नाही आणि पुढच्या तासाला ‘जसं ती म्हणाली’ असं तर मुळीच नाही.

आपण नियम पाळला तरी कार्यालय पाळतंच असं नाही. जुलैत महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचे) अर्ज सुरू झाले की शिपाई दारात येऊन मोठ्यानं विचारतो, ‘जीओआयवाले कोण राहिलेत? ईबीसीवाले?’ जीओआय म्हणजे भारत सरकार शिष्यवृत्ती, ईबीसी म्हणजे आर्थिक मागासांची शुल्कसवलत. एका वाक्यात अख्खा वर्ग प्रवर्गनिहाय विभागला जातो. यावर उपाय साधा आहे. कार्यालयाला अर्ज द्यायचा की अपूर्ण अर्जांची यादी अर्ज क्रमांकानं लावा, नावानं आणि प्रवर्गानं नको. आमचा अर्ज ३ जुलैला गेला. लेखनिकांनी दहा दिवस ‘बघू’ म्हटलं, मग लावली, कारण अर्ज क्रमांकाची यादी छापायला त्यांनाच सोपी पडते. अशा गोष्टी तत्त्वाच्या भाषेत न मागता सोयीच्या भाषेत मागाव्यात.

शिष्यवृत्तीची हीच कागदपत्रं मापनाचा धडा शिकवायला मात्र उत्तम. भारत सरकार शिष्यवृत्तीला अनुसूचित जातींसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू शुल्क योजनेला ८ लाख, नॉन-क्रिमी लेयरलाही ८ लाख. दाखल्यावरचं उत्पन्न आणि घरात येणारं उत्पन्न यांत काय फरक असतो हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. मुलं नुसती हसली. पुढं गावात आकडे गोळा करताना हेच हसू कामाला आलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चिंचोक्यांचे दोन तास. गिनी गुणांक (विषमता मोजणारा आकडा, ० म्हणजे सगळे समान, १ कडे जाईल तशी विषमता जास्त) म्हटलं की कला शाखेचा वर्ग धास्तावतो, आणि गाईडमध्ये नुसतं सूत्र असतं. ६० चिंचोके घ्या. पाच घरं: ४, ६, ८, १२ आणि ३०. चढत्या क्रमानं मांडा. एकेक ढीग आधीच्या ढिगात मिसळत जा: ४, १०, १८, ३०, ६०. म्हणजे खालच्या चार घरांकडे मिळून निम्मं, आणि वरच्या एका घराकडे निम्मं. याचाच आलेख काढला की लॉरेन्झ वक्र. आता प्रत्येक घराच्या चिंचोक्यांना त्याच्या क्रमांकानं गुणून बेरीज: ४ + १२ + २४ + ४८ + १५० = २३८. तिची दुप्पट ४७६, भागिले घरांची संख्या गुणिले एकूण चिंचोके, म्हणजे ५ × ६० = ३००. उत्तर १.५८७. त्यातून ६ भागिले ५, म्हणजे १.२ वजा. गिनी ०.३९. मग शेवटच्या घराला ३० ऐवजी ६० द्या: ०.५२. मग मूळच्या पाचही घरांचे चिंचोके दुप्पट करा: पुन्हा ०.३९. सगळे दुप्पट श्रीमंत झाले आणि विषमता तसूभर हलली नाही, हे हातानं केल्यावर जसं समजतं तसं व्याख्येनं समजत नाही. चूक ठरलेली असते: घरं चढत्या क्रमानं न लावताच गुणाकार सुरू करतात. एका गटाचं उत्तर उणे आलं, ते याचमुळं.

त्यानंतर खरे आकडे. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात महाराष्ट्राचा दरडोई मासिक खर्च ग्रामीण ४,०१० रुपये, शहरी ६,६५७. देशभरात ग्रामीण भागातल्या तळाच्या ५ टक्क्यांचा १,३७३ आणि शहरांतल्या वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४. खर्चाचा गिनी ग्रामीण ०.२६६, शहरी ०.३१४. एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, आपल्या चिंचोक्यांपेक्षा देशात कमी विषमता आहे?’ या प्रश्नासाठीच सगळा खटाटोप होता. खर्च मोजला की विषमता कमी दिसते, कारण गरीब माणूस येईल ते सगळं खर्च करतो आणि श्रीमंत माणूस बाजूला टाकतो. मालमत्ता मोजली की चित्र पालटतं: २०१९ च्या कर्ज आणि गुंतवणूक सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या वरच्या १० टक्के कुटुंबांकडे ५०.८ टक्के मालमत्ता होती, खालच्या निम्म्यांकडे १०.२. मोजपट्टी कोणती घेतली, त्यावर उत्तर ठरतं. हे एवढं पोचलं की सर्वेक्षण का करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

क्षेत्र प्रकल्पाच्या २ श्रेयांकांचा हिशेब वेगळा असतो. तिथं १ श्रेयांकाला ३० तासांचं प्रत्यक्ष काम, म्हणजे विद्यार्थ्याचे ६० तास. नोंदवही पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. तारीख, वेळ, काम, सही. शेवटी बसून साठ तास ‘भरलेली’ वही बाहेरचा परीक्षक दोन मिनिटांत ओळखतो, कारण शाई एकच असते.

गाव निवडताना मी आधी एसटी बघितली. मुलांचा सवलतीचा पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गावर चालतो. सर्वेक्षणाचं गाव दुसऱ्या रस्त्याला असलं की पूर्ण तिकीट. मुलींना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, मुलांना नाही. शेवटी ज्या मार्गावरून १४ जण रोज येतात त्याच मार्गावरचं, पण वर्गातल्या कुणाचंही नसलेलं गाव घेतलं. स्वतःच्या गावात मुलाखती घ्यायला लावू नये. भावकीत कुणी खरं उत्पन्न सांगत नाही, आणि सांगितलंच तर ते पोराच्या तोंडून चावडीवर पोचल्याचा संशय कायमचा राहतो.

४ जुलैला दोन अर्ज केले. एक प्राचार्यांना: परवानगी आणि खर्च. दुसरा ग्रामपंचायतीला, प्राचार्यांच्या सहीनं, आवक क्रमांक घेऊन. आवक क्रमांकाशिवाय अर्ज दिला असं समजू नये. ग्रामपंचायतीचं उत्तर २१ जुलैला आलं, तेही दोनदा जाऊन. सरपंचाबाई भल्या होत्या, पण त्यांचे यजमानच बोलत होते. ही नोंदही मुलांनी वहीत केली, मी सांगितलं नव्हतं.

यादीसाठी नमुना ८ मागावा. ती ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही. घर क्रमांक, मालक, घराचा प्रकार, सगळं त्यात असतं. मतदार यादी घेऊ नका, तिच्यात माणसं असतात, कुटुंबं नाहीत. आमच्या नोंदवहीत ३८६ घरं. १५ जोड्या, दर जोडीला पाच घरं धरून ७५ हवी होती. ३८६ ला ७५ नं भागलं की पाच आणि थोडं, म्हणून दर पाचवं घर. १ ते ५ मधली चिठ्ठी काढली, ३ निघाला. ३, ८, १३ असं करत ३८३ पर्यंत ७७ घरं आली.

नमुना ८ मध्ये कोण नसतं, हा खरा धडा. गायरानातली अतिक्रमित घरं नसतात. वेगळी चूल मांडलेला पण घर न वाटलेला भाऊ नसतो. वीटभट्टीवरची कुटुंबं नसतात. शेतातल्या वस्तीवरची काही घरं अर्धवट असतात. म्हणजे ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायला निघालो तेच यादीबाहेर. म्हणून एक दिवस नुसतं गाव चालून बघण्यात घालवला. २६ जुलै, शनिवार. चुली मोजल्या, वेगळी यादी केली, तिच्यातलंही दर पाचवं घर घेतलं. हा दिवस वाचवू नये.

वेळ कोणती, तेही याच कारणानं महत्त्वाचं. ऊसतोडीच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर टोळ्या हलतात त्या उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाहीत. डिसेंबरात सर्वेक्षण केलं की म्हातारी माणसं आणि कुलपं सापडतात, आणि गाव होतं त्यापेक्षा सुखी दिसतं. तुमच्या विद्यापीठानं क्षेत्र प्रकल्प चौथ्या सत्रात टाकला असेल तर निदान यादी तरी सप्टेंबरात करून ठेवा.

प्रश्नावली चार पानी, पाठपोट. पहिला मसुदा मुलांनीच केला आणि तो ३ ऑगस्टला दुसऱ्या एका गावात दहा घरी चालवून बघितला. ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ हा प्रश्न दहापैकी आठ घरी पडला. शेतकऱ्याला महिना नसतो. मग तुकडे केले: कपाशीचे किती आले, तुरीचे किती, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी किती येतो, मजुरीचे दिवस किती आणि रोज काय, बाहेरून कोण पाठवतं. बेरीज आपण करायची. खर्चाच्या प्रश्नाचंही तेच. सरकारी सर्वेक्षणात ४०५ बाबी तीन फेऱ्यांत विचारल्या होत्या. आपण एका दमात ‘खर्च किती’ विचारलं तर उत्तर कमीच येणार, आणि ते राज्याच्या ग्रामीण ४,०१० शी ताडून गाव गरीब ठरवणं चूक. आम्ही ती तुलना मुद्दाम केली आणि का चुकली तेच अहवालात लिहायला लावलं.

उचल कुठं लिहायची, यावर वर्गात दीड तास भांडण झालं. मुकादमाकडून कोयत्यामागं, म्हणजे तोडणीच्या जोडप्यामागं, आगाऊ मिळालेली रक्कम घरात येते, म्हणून अर्ध्या मुलांनी ती उत्पन्नात धरली. ती फेडायची असते, अंगमेहनतीनं, पुढचे पाच-सहा महिने, म्हणून बाकीच्यांनी कर्जात. काम पुरं होईपर्यंत ती कर्जच आहे असं ठरलं. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते, तेव्हा ‘मागची बाकी’ असा वेगळा रकाना केला. हा वाद कुठल्याही छापील प्रश्नावलीत सुटलेला मला दिसला नाही, आणि ज्या दोघींनी तो सोडवला त्या कुठून आल्या ते विचारायची गरज नव्हती.

जातीचा प्रश्न शेवटच्या पानावर, दोन वेगळ्या रकान्यांत: प्रवर्ग आणि जात. बरेच लोक प्रवर्ग सांगून थांबतात, तिथं रेटू नये, ‘सांगितली नाही’ लिहावं. आडनावावरून भरणं सक्त मना. तरी तीन फॉर्मवर तसं भरलेलं निघालं. कळलं असं, की फॉर्मवर जात होती आणि सोबतच्या वहीत तो प्रश्न विचारल्याची नोंदच नव्हती. पहिल्यांदाच घरोघर जाणाऱ्यांना लोक एक प्रश्न हमखास विचारतात: ‘जातीची जनगणना सुरू झाली का?’ ३० एप्रिलला केंद्रानं निर्णय जाहीर केला होता, त्यामुळे विचारणं स्वाभाविक. मुलांना उत्तर पाठ करून दिलं: नाही, हा कॉलेजचा अभ्यास आहे, जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि सगळ्या जातींची मोजणी याआधी १९३१ साली झाली होती.

जोड्या चिठ्ठ्या टाकून केल्या. मैत्रीवर सोडलं तर जोड्या जातीनं जमतात, कुणी ठरवत नाही, तरी जमतात. मुलगा-मुलगी जोडी शक्यतो टाळली. तत्त्वाला धरून नाही हे कबूल, पण पालकांचे फोन आले असते आणि तीन-चार मुली गळाल्या असत्या.

सर्वेक्षण २३ आणि २४ ऑगस्टला. सोमवारचा आठवडी बाजार, ९ ऑगस्टची राखीपौर्णिमा, २२ चा पोळा आणि २७ ची गणेश चतुर्थी चुकवून हीच फट राहत होती. वेळ सकाळी साडेसात ते अकरा. दहानंतर माणूस शेतात आणि संध्याकाळी परतीची गाडी नाही. पहिल्याच तासात खरा घोळ कळला. दारात दोन मुली कागद घेऊन उभ्या, आणि घरातलं उत्पन्न, चारचाकी, फ्रीज विचारताहेत. लोकांना वाटलं लाडक्या बहिणीची पडताळणी. अडीच लाखांची अट, चारचाकीची अट, ट्रॅक्टर सोडून. हे सगळ्या घरांना तोंडपाठ. फेब्रुवारीत चारचाकीची विचारपूस होऊन गेलेली. मग कसलं उत्पन्न आणि कसली गाडी! अंगणात जीप उभी आणि फॉर्मवर ‘नाही’.

त्या दिवशी दुपारी पारावर बसून दोन बदल केले. आधी महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि पत्र दाखवायचं, नाव-मोबाइल-आधार यांतलं काहीही लिहिणार नाही हे सांगायचं, आणि कोरा फॉर्म त्यांच्या हातात द्यायचा म्हणजे नावाचा रकानाच नाही हे दिसतं. दुसरं, मालमत्तेचे प्रश्न उत्पन्नाच्या आधीचे उचलून अगदी मागं टाकले. रविवारी फरक पडला. शनिवारचे फॉर्म वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले आणि त्यावर तशी खूण केली, मिसळले नाहीत.

चहाची नोंद ठेवायला सांगितली होती: कुणी दिला, कुठं बसवलं, पाणी कशातून. एक जोडी सहा घरी गेली, चार घरी दोघांना खुर्ची मिळाली आणि दोन घरी आडनाव विचारल्यानंतर एकाचाच चहा आला. असं होऊ शकतं, हे आधी बोलून ठेवावं, आणि झालं तर मुलाखत तिथंच थांबवून निघून यायची मुभा आहे हेही. ती जोडी थांबली नाही, फॉर्म पूर्ण करून आली. वर्गात मी तो विषय काढला नाही. वहीवर ‘वाचलं’ एवढं लिहून सही केली आणि नंतर दोघांशी वेगळं बोलले.

कुलूप असलं तर शेजारचं घर घ्यायचं नाही. शेजारचं घर उघडं असतं, याचंही काही कारण असतं. दोन वेळा परत जायचं, मग ‘भेट झाली नाही’ लिहायचं. परतीची फेरी १३ सप्टेंबरला झाली. दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला आणि नंतरच्या पंधरवड्यात अतिवृष्टीनं जे झालं ते सगळ्या राज्यानं पाहिलं. राहिलेली घरं ५ ऑक्टोबरला केली, आणि आता उलटाच अनुभव. लोकांना वाटलं पंचनामा. ‘दोन एकर कपाशी गेली, लिहा.’ ऑगस्टमध्ये जी माणसं असलेलं लपवत होती तीच आता गेलेलं मोजून दाखवत होती, आणि दोन्ही वेळा त्यांचं गणित आपल्यापेक्षा पक्कं होतं. ऑक्टोबरच्या फॉर्मचाही वेगळा गठ्ठा. तीन गठ्ठ्यांचे आकडे एकत्र करून एक सरासरी काढायचा मोह होतो. आम्ही काढली नाही, तीन तक्ते केले.

खर्चाचं सांगते. झेरॉक्स ९० प्रती, चार बाजू, दोन रुपये बाजू, ७२० रुपये. चाचणीचे ८०. पुठ्ठे, पेनं, फायली ४६०. तिकिटं हा मोठा भाग: एका मुलाचे सगळ्या फेऱ्यांचे सव्वाशेच्या घरात, मुलीचे निम्मे. हे मुलांकडून घेऊ नये. सव्वाशे रुपये मागितले की दोघं-तिघं ‘आजारी’ पडतात आणि ते कोण असणार ते आपल्याला माहीत असतं. शिवाय दोन सकाळी गेल्या म्हणजे निंदणीचा रोज बुडतो, त्याची भरपाई कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी आधी खिशातून भरलं आणि व्हाउचर केलं. कार्यालयानं दोनदा परत पाठवलं: एकदा झेरॉक्सच्या पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता म्हणून, एकदा एसटीची तिकिटं कागदावर चिकटवून त्यांवर क्रमांक घातले नव्हते म्हणून. तिकिटं त्याच दिवशी चिकटवा, पंधरा दिवसांत त्यावरची शाई उडते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: गावात घालवलेल्या सकाळी मासिक बिलात बसत नाहीत. वेळापत्रकात ‘क्षेत्र प्रकल्प मार्गदर्शन’ अशी तासिका आधीच लावून घेतली असेल तरच काही पदरात पडतं.

अहवाल हातानं लिहिलेला चालेल, हे सत्राच्या सुरुवातीलाच लेखी जाहीर करावं. नाहीतर टायपिंग, रंगीत मुखपृष्ठ आणि स्पायरल यांत दोन-अडीचशे जातात, आणि सायबरवाला मागच्याचीच प्रस्तावना पुढच्याला डकवून देतो. आमच्याकडे ५० गुण असे वाटले: नोंदवही १५, फॉर्म आणि त्यांची तपासणी १५, अहवाल १०, तोंडी १०. तोंडीत एकच प्रश्न सगळ्यांना: तुमच्या पाच घरांतलं कोणतं उत्तर तुम्हाला खरं वाटत नाही, आणि का? पाठांतराला इथं वाव नाही. लेखी परीक्षेत कायम ‘टिपा लिहा’वर अडकणारी एक मुलगी यावर दहा मिनिटं बोलायची थांबेना.

मुख्य पेपरात मात्र पद्धत जुनीच: व्याख्या, वैशिष्ट्यं, टिपा. म्हणून शेवटच्या आठ तासिका सरळ लेखी तयारीला दिल्या, त्यात कमीपणा मानला नाही. विषमता, भिन्नता आणि भेदभाव हे तीन शब्द मुलं एकमेकांच्या जागी वापरतात, तिथं गुण जातात. वेबरचे वर्ग, दर्जा आणि सत्ता गावातल्याच घरांवर बसवून दाखवता येतात: जमीन आहे पण मान नाही असं घर, मान आहे पण जमीन विकली गेली असं घर. डॉ. आंबेडकरांची श्रेणीबद्ध विषमता शिकवताना शिडीचं चित्र काढून ‘वरचे आणि खालचे’ एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक पायरीला खाली कुणीतरी आहे, म्हणून सगळी शिडी एकत्र हलत नाही, हा त्यातला मुद्दा आहे आणि गाईडमध्ये नेमका तोच गळालेला असतो.

गुण भरण्याचं पोर्टल १७ ऑक्टोबरपर्यंत उघडं होतं. ओटीपी परीक्षा अधिकाऱ्यांच्या मोबाइलवर येतो, तेव्हा ते रजेवर कधी आहेत ते आधी विचारा. तिघांचा अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) जुळेना, कारण आधारवर नाव एक आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. त्यातल्या दोघींची लग्नं झालेली. हे जूनमध्येच तपासायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. दुरुस्तीला पाच आठवडे लागले आणि त्यांचे निकाल तेवढे मागं राहिले.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीला चार पानांचा गोषवारा नेऊन दिला. त्यात घर ओळखू येईल असं काही ठेवू नये. गाव लहान असतं, ‘विधवा, दोन मुलं, टेलरिंग’ एवढं लिहिलं तरी नाव कळतं. म्हणून पाचपेक्षा कमी घरं असलेला कुठलाही रकाना तक्त्यात दाखवलाच नाही. सरपंचाबाई या वेळी एकट्या होत्या. त्यांनी गायरानातल्या घरांची यादी मागितली, ठराव करायचा म्हणाल्या. घरांची यादी देता आली नाही, आकडा दिला.

व्हाउचरचे पैसे १२ नोव्हेंबरला आले, १४० रुपये कापून. फॉर्मचे तीन गठ्ठे विभागाच्या कपाटात आहेत, पुनर्मूल्यांकनाची मुदत संपली की फाडायचे. घर क्रमांक आणि सांकेतिक क्रमांक जुळवणारा कागद मात्र त्याच दिवशी जाळला.